सॉस फुटू नये म्हणून

आमच्या लासूर स्टेशन गावात फ्रेंच जेवण मिळत नाही. भजी मिळतात, मिसळ मिळते, ढाब्यावर शेवभाजी मिळते, बाजारच्या दिवशी गरम जिलेबी मिळते. त्यामुळे खाद्यविशेषांकासाठी संपादकांचा फोन आला आणि 'मुंबईतल्या एखाद्या उंची फ्रेंच रेस्टॉरंटात जेवून या आणि लिहा, बिल आमच्याकडे' असं ते म्हणाले, तेव्हा त्यांना काय हवंय ते माझ्या लक्षात आलं. काट्या-चमच्यांपुढे भांबावलेला गावाकडचा माणूस हवा होता. तसले लेख मराठीत ढिगाने झालेत आणि काटे-चमचे एवढे अवघड नसतात. बाहेरून सुरुवात करून आत येत जायचं, संपलं. मी नाहीच म्हणणार होतो. पण बोलता बोलता ते म्हणाले, "तिथे सॉसवर तुमच्या पंचक्रोशीतला एक मुलगा आहे म्हणे." मग गेलो.

रेस्टॉरंटचं नाव इथे येणार नाही. ही अट मालकांची नव्हती, मुलाची होती. त्यामागचं कारण मला शेवटी कळलं.

आधी जेवणाबद्दल. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या इमारतीचा तळमजला, आत चाळीसेक माणसांची सोय, भिंती राखाडी, टेबलांवर कापड नाही. पांढरीशुभ्र टेबलक्लॉथ आणि कडक गणवेश हे जुन्या फ्रेंच खाण्याचं चित्र आता मागे पडलंय. मेनू छापलेला, आठ पदार्थांचा, निवड करायची नाही. सुरुवातीला बोटाच्या पेरापेक्षा लहान दोन घास, मग आंबवलेल्या पिठाचा गरम पाव आणि लोणी. पावाचं कवच इतकं खमंग होतं की त्यावरच थांबावंसं वाटलं. 'एवढ्याशाने पोट भरतं का?' असं परतल्यावर मला सगळ्यांनी विचारलं. भरतं. आठही पदार्थांत कुठे ना कुठे लोणी असतं आणि अडीच तास बसून ते हळूहळू पोटात जातं. एका पदार्थावर काचेचं झाकण होतं, ते उचललं की लाकडाचा धूर निघत होता. शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी त्याचे फोटो काढले. मला तो प्रकार पटला नाही. धूर विरल्यावर खाली उरलेलं बीट साधारण होतं. सोबत्यासह दोघांचं बिल बारा हजारांच्या वर गेलं. कांदा हजाराने जातो त्या वर्षी आमच्याकडे बारा क्विंटलचे एवढे होतात, हमाली-तोलाई धरायची नाही.

पण पाचवा पदार्थ रावस होता, आणि संपादकांचे पैसे तिथे वसूल झाले. खोलगट ताटलीत आधी फिकट पिवळा सॉस, त्यात हिरव्या पानांच्या बारीक चिरफळ्या, आणि त्यावर माशाचा पातळ काप. सॉस माशावर ओतलेला नव्हता. मासा वरून कोरडा, आतून जेमतेम शिजलेला. पहिल्या घासाला आंबटपणा लागला आणि तो लिंबाचा नव्हता. ओळखीचा होता. वाढणाऱ्या मुलीला विचारलं तर तिने 'इंडियन सॉरेल' असं सांगितलं. तो आपला आंबट चुका होता. डाळीत घालतो तो, दहा रुपयांना जुडी मिळते तो.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय सॉसवरच्या माणसाचं महत्त्व कळत नाही. आज जगभरच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात जी उतरंड दिसते ती ओग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच शेफने घट्ट केली. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो सैन्याचा स्वयंपाकी होता. पुढे १८९०पासून लंडनच्या सॅव्हॉयमध्ये त्याने लष्करी शिस्त भटारखान्यात आणली. एकाने एक पदार्थ सुरुवातीपासून शेवटापर्यंत करायचा ही रीत मोडून कामाचे विभाग पाडले: थंड पदार्थांचा वेगळा, माशाचा वेगळा, भाजण्याचा वेगळा, गोडाचा वेगळा. या सगळ्यांत मान सॉसवाल्याचा. १९०३मध्ये त्याचा पाककृतींचा जाडजूड कोश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं. हा योगायोगच, पण एस्कोफिएची भाषा पुढे आपल्या हॉटेलांत मुरली ती कायमची. मुंबईत १९५४मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने देशातलं पहिलं केटरिंग कॉलेज निघालं, तिथपासून आजवर हॉटेल मॅनेजमेंटचा प्रत्येक विद्यार्थी पाच मूळ सॉस पाठ करतो. पुढे आयुष्यभर त्याने पनीर टिक्काच केला तरी. आमच्या छत्रपती संभाजीनगरात रौझाबागेत १९८९ साली ताज समूहाच्या सहकार्याने डॉ. रफीक झकेरियांच्या मौलाना आझाद शिक्षण संस्थेने हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज काढलं. लासूरहून तिथे पोचायला तास-सव्वा तास लागतो. म्हणजे फ्रेंच स्वयंपाक आमच्या जवळच होता, फक्त तो खायला नव्हे, शिकायला मिळत होता.

हा मुलगा मात्र तिथला नाही. शहरातल्याच एका लहान कॉलेजात त्याने दीड वर्षाचा कोर्स केला. वडिलांची शिवना नदीच्या अंगाला कोरडवाहू जमीन, थोडा कांदा, बाकी कापूस. ट्रेनी म्हणून मुंबईला आला तो इथेच राहिला. हॉटेलच्या बोलीत सांगायचं तर आता तो सीडीपी आहे, म्हणजे एका विभागाचा प्रमुख. त्याच्या हाताखाली एक कॉमी, म्हणजे कनिष्ठ स्वयंपाकी, आणि एक ट्रेनी.

दुपारी दोन सर्व्हिसच्या मधल्या वेळात त्याने मला आत नेलं. सॉसचा कट्टा म्हणजे जेमतेम चार फूट जागा. मागे कोंबडीच्या हाडांचं मोठं पातेलं. त्यात पाय आणि पंखच जास्त दिसले, म्हणून विचारलं. "काका, पायांत चिकटपणा असतो. मांस कशाला? त्याची चव येते, पण अंग येत नाही." हाडं आधी ओव्हनमध्ये तांबूस भाजायची, मग कांदा दोन भाग, गाजर एक, सेलरी एक, त्यावर थंड पाणी, आणि मग ते उकळू द्यायचं नाही. बुडबुडा अधूनमधून एखादाच वर आला पाहिजे. जोराची उकळी फुटली की चरबी पाण्यात मिसळते आणि रस गढूळ होतो, तो पुन्हा नितळ होत नाही. सात-आठ तास वरचा फेस काढत राहायचं, निमुळत्या बारीक गाळणीतून गाळायचं आणि मग आटवायचं. दहा लिटरचा शेवटी लिटरभर उरतो. थंड झाल्यावर डबा उलटा केला तरी पडत नाही, इतका घट्ट. मांसाच्या पदार्थाशेजारी ताटलीत जो काळसर चकचकीत ठिपका येतो तो हा. गिऱ्हाईक तो पावाने पुसून घेतं आणि कौतुक मांसाचं करतं.

पण मी अडकलो ते त्या पिवळ्या सॉसपाशी. त्याचं नाव बर ब्लाँ, फ्रान्सच्या पश्चिमेला लवार नदीच्या काठच्या नाँत भागातला. साहित्य इतकं थोडं की लपायला जागा नाही: बारीक चिरलेले छोटे कांदे, पांढरी वाइन, व्हिनेगर, लोणी. छोटे कांदे म्हणजे आपल्याकडे सांबारात घालतात ते. लासूरच्या यार्डातला लाल कांदा इथे चालत नाही. तो उग्र पडतो आणि पाणी फार सोडतो. आपल्या गावचा कांदा नापास करताना तो मुलगा जरा हसला.

कांदा, वाइन आणि व्हिनेगर आटवून दोन-तीन चमचे ओलावा ठेवायचा. मग आच अगदी मंद करून फ्रिजमधल्या थंड लोण्याचे तुकडे एकेक टाकत व्हिस्क फिरवत राहायचा. लोण्यात ऐंशी टक्के स्निग्धांश आणि उरलेलं बहुतेक पाणी. तसंच वितळलं तर ते नुसतं तेल होणार. पण आंबट ओलाव्यात, सतत ढवळत, हळूहळू वितळवलं तर स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंब सुटे राहतात, लोण्यातलीच प्रथिनं त्यांच्याभोवती बसतात आणि थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. साठ अंशांच्या जरा अलीकडेच हे सगळं मोडतं: थेंब एकत्र येतात, वर तेल तरंगतं, खाली आंबट पाणी राहतं. आणि थंड होऊ दिला तर तिसाच्या आसपास लोणी पुन्हा गोठायला लागतं. मधल्या त्या पट्ट्यात सॉस जिवंत ठेवायचा, तोही संध्याकाळी सातपासून रात्री साडेअकरापर्यंत, पन्नास वेळा पळी बुडवून. ताकाची कढी ढवळायची सोडून फोन घ्यायला गेलेल्या कुणालाही हे संकट कळेल, फक्त कढीला बेसनाचा आधार असतो. इथे तसला आधार नाही.

तो थर्मामीटर वापरत नाही. भांड्याच्या बाहेरून बोटाची मागची बाजू लावतो आणि भांडं शेगडीच्या कडेला बोटभर पुढे किंवा मागे सरकवतो. संध्याकाळच्या सर्व्हिसला मी कोपऱ्यात उभा राहून हे बघितलं. 'पास'वरून, म्हणजे ताटल्या बाहेर जातात त्या कट्ट्यावरून, शेफ ऑर्डर ओरडतो, "टेबल सहा, फायर रावस दोन!" सगळीकडून "येस शेफ!" उठतं, आणि या मुलाचा डावा हात त्याचं तोंड तिकडे वळलेलं असतानाही भांडं सरकवत असतो. एकदा कॉमीने हाड-रसाचं पातेलं शेजारच्या शेगडीवर चढवलं आणि त्याची धग इकडे लागली. सॉसच्या कडेला तुपासारखी एक चकाकती रेघ उमटली. मला ती त्याने बोट दाखवल्यावर दिसली. त्याने दुसऱ्या भांड्यात चमचाभर थंड पाणी घेतलं आणि त्यात फुटू घातलेला सॉस धारेने घालत व्हिस्क फिरवला. वीस-पंचवीस सेकंदांत जमला. टेबल सहाचा रावस वेळेवर गेला.

चुका आच बंद केल्यावरच घालायचा, तोही देठ काढून. पानांची खाकी रंगाची माती व्हायला अर्धं मिनिट पुरतं. आंबट आणि गरम एकत्र आलं की हिरवा रंग टिकत नाही. क्रीमची भानगड आणखी वेगळी. मूळ साहित्यात नसलं तरी या सॉसमध्ये इथे थोडं क्रीम घालतात. आपल्या दुकानात सहज मिळतं त्या फ्रेश क्रीममध्ये पंचवीस टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो आणि चुक्याच्या आंबटपणाने ते दाणेदार होतं. पस्तिसाच्या पुढचं लागतं, आणि ते सगळ्या दिवशी मिळतंच असं नाही.

चुक्याची कल्पना कुणाची, असं मी विचारलं. म्हणाला, "शेफची. पण चुका ओळखला मी." या रावसामागचा मूळ पदार्थ सामन माशाचा आणि त्यात घालतात ती फ्रेंच पालेभाजी ओझेय, चुक्याच्याच रुमेक्स प्रजातीतली. मग त्याने कट्ट्याखालून मोबाइल काढून मला एका रेल्वे स्टेशनचा फोटो दाखवला. गुलाबी आणि हिरव्या रंगाने रंगवलेलं.

ते रोआन. लिओंच्या वायव्येला, सुती कापडाच्या गिरण्यांवर वाढलेलं एक मध्यम शहर. १९३०मध्ये जाँ-बाप्तिस्त आणि मारी त्र्वाग्रो या नवराबायकोने तिथल्या स्टेशनसमोरचं एक साधं हॉटेल घेतलं. ती स्वयंपाक करायची, तो गल्ल्यावर आणि वाइनकडे बघायचा. जाँ आणि पिएर ही त्यांची दोन मुलं शिकायला बाहेर गेली, परत आली, आणि त्याच हॉटेलात त्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला चुक्याच्या भावंडाच्या सॉसवर सामनचा पातळ काप ठेवला. त्याआधी मासा जाड कापायचा, बराच शिजवायचा आणि पिठाने दाट केलेल्या सॉसने झाकायचा, अशी चाल होती. यांनी पीठ काढलं, मासा काही सेकंदच तव्यावर ठेवला आणि ताटली स्वयंपाकघरातच मांडून बाहेर पाठवली. १९६८मध्ये त्यांना मिशलँचे तीन तारे मिळाले. १९७३मध्ये गो आणि मियो या दोन समीक्षकांनी 'नव्या स्वयंपाका'च्या दहा आज्ञा जाहीर केल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जे मोजके शेफ होते त्यांत हे दोघे भाऊ होते. रोआनचं स्टेशन त्या पदार्थाच्या रंगांत रंगवलं गेलं: सामनचा गुलाबी, पानाचा हिरवा. स्वयंपाकाला असा मान दुसरीकडे मिळाल्याचं मला तरी माहीत नाही.

स्टेशन, कापूस, आंबट पालेभाजी. त्या मुलाने हे सगळं मनात कधीच जुळवून ठेवलेलं होतं. वर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. रोआन हे पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग सातवर होतं. मोटारवाले तिथे थांबायचे म्हणून त्र्वाग्रो चाललं. मिशलँचं गाईडच मुळात टायर कंपनीने १९००मध्ये मोटारवाल्यांसाठी काढलेलं. "आणि आपल्याकडून समृद्धी गेला ना काका." हा मुंबई-नागपूर महामार्ग ७०१ किलोमीटर, आमच्या गंगापूर-वैजापूर भागातून. २०२५पासून सगळा खुला. उतरणीच्या जवळ वीस खुर्च्यांची जागा, स्वतःचा चुका, स्वतःच्या कोंबड्या. त्याने वहीत नकाशा काढून ठेवलाय.

मला ते ऐकताना आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली, कारण मी मोंढ्यात वाढलेला माणूस आहे, हिशेब आधी डोक्यात येतो. समृद्धीवर दीडशेच्या आत-बाहेर पळणाऱ्याला तीन तास जेवायचं नसतं, त्याला शिर्डी किंवा नागपूर गाठायचं असतं. वाइनशिवाय हे जेवण अर्धं, आणि परदेशी वाइनवर बराच काळ दीडशे टक्के आयात शुल्क राहिलंय, शिवाय महामार्गाजवळच्या दारू परवान्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून बंधनं आहेत. कुटुंबात एक जण शाकाहारी, एकाची चतुर्थी. आणि हे सगळं जमलं तरी सॉसला माणसं कुठून आणायची? रोआनच्या त्र्वाग्रोंनीसुद्धा २०१७मध्ये स्टेशनसमोरची जागा सोडली आणि जवळच्या उश या खेड्यात बस्तान हलवलं; पण त्यांच्यामागे सत्त्याऐंशी वर्षांचं नाव होतं.

मुंबईतही गणित सोपं नाही. ताजच्या माथ्यावरचं राँदेव्हू हे फ्रेंच रेस्टॉरंट गेलं. तिथलंच १९८९ला सुरू झालेलं झोडिअॅक ग्रिल, कॅमेंबेर चीजच्या दारिओलसाठी लोक लांबून यायचे ते, पंचवीसेक वर्षं चालून बंद झालं. ताजसारख्या हॉटेलाला खोल्यांचं उत्पन्न असतं, तरी हे झालं. स्वतंत्र रेस्टॉरंटला तर भाडं दर महिन्याला द्यावंच लागतं. वासराच्या हाडांचा रस हा जुन्या फ्रेंच सॉसचा पाया. महाराष्ट्रातल्या गोवंश हत्याबंदी कायद्यामुळे तो विषय संपला, म्हणून तर कोंबडीचे पाय आले. फुगवलेल्या बदकाच्या यकृताची आयात केंद्राने २०१४मध्येच थांबवली. त्याचं मला दुःख नाही, बदकालाही नसेल. लोणी कधी परदेशी, कधी देशी. देशीत पाण्याचं प्रमाण बदलतं आणि त्या दिवशी सॉस वेगळा वागतो.

यातलं काहीही निभावता येतं. चुका शोधला तसं दुसरंही शोधता येईल. न निभावणारी गोष्ट त्या चार फुटांच्या कट्ट्यापाशी उभी असते. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी दहाला यायचं, दुपारी तीन तास रिकामे, पण घर कल्याणच्या पुढे म्हणून जायचं कुठे, तर स्टोअरमध्ये तांदळाच्या पोत्यांवर आडवं व्हायचं. रात्री शेवटची लोकल. पगार सांगितला तो लिहीत नाही. आमच्याकडचा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर त्यापासून फार लांब नाही. त्याच्या बरोबरच्या बॅचमधले किती जण अजून स्वयंपाकात आहेत, असं विचारलं तर त्याने बोटं मोजायला घेतली आणि एका हातावरच थांबला. बाकीचे बँकेच्या वसुलीत, मोबाइलच्या दुकानात, दोघे दुबईत.

मालक वाईट माणूस नाही. तो शांतपणे म्हणाला, "मी पगार दुप्पट केला तर ताटली दीडपट होईल, आणि मग तुमच्यासारखे एकदाच येणारेही येणार नाहीत." मला उत्तर सुचलं नाही. लोक त्या धुराच्या काचेसाठी पैसे देतात, फोटो येतो म्हणून. सॉसचा फोटो येत नाही.

सोमवारी त्या मुलाची साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी मेनूवर रावस नसतो, कोळंबीचा एक थंड पदार्थ असतो. कॉमीला आठ महिने शिकवतोय. सकाळी निवांत वेळी त्याला सॉस जमतो, सर्व्हिसला तिसऱ्या ऑर्डरपर्यंत फुटतो.

नाव लिहू नका असं का म्हणाला ते मला निघताना सांगितलं. क्रूझच्या कंपनीचा इंटरव्ह्यू झालाय. वैद्यकीय तपासणी झाली, समुद्रावरच्या सुरक्षेचा आठवड्याचा कोर्स केला, सीडीसीचं, म्हणजे जहाजावरच्या नोकरीच्या नोंदींचं, पुस्तक यायचंय. आठ महिन्यांचं कंत्राट, राहणं-खाणं त्यांचं, पगार डॉलरात. वडिलांच्या विहिरीचं कर्ज दोन कंत्राटांत फिटेल. तिथे हजारो माणसांचं जेवण एका वेळी निघतं. बर ब्लाँ करतात का, असं मी विचारलं. "करत असतील काका, पण स्टार्च टाकून. फुटतच नाही मग तो."

शेफला त्याने अजून सांगितलेलं नाही. शेफला कळलंय. पावसाळ्यानंतरच्या मेनूचा खर्डा पासवर चिकटवलेला मी वाचला: त्यात रावस आहे, खाली चुक्याचं हिरवं तेल आहे. ते सकाळी काढून बाटलीत भरलं की चार दिवस टिकतं आणि ट्रेनीलाही ओतता येतं.